केनाई नदीवर बाबांबरोबर मासे गरवायला: गाईडचे पैसे वसूल झाले का?

कांडाळ

बाबा तिसऱ्यांदा सिएटलला आले तेव्हा विमानतळावरच त्यांनी जाहीर केलं, मॉल आणि धबधबे पुरे झाले. "पान्यात उभा रवान गरवूक मिळात असा कायतरी बघ." बाबा निवृत्त शिक्षक, पण जन्म देवबागचा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची पट्टी. चालायला लागायच्या आधी तंगूस (गळाची दोरी) हातात आला म्हणतात.

मग काय, अलास्कातल्या अँकरेजचं तिकीट काढलं आणि तिथून गाडीने दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर कूपर लँडिंग. केनाई तळ्यातून नदी बाहेर पडते ती या गावात. रंग असा की बाबा म्हणाले, "ह्यात कोणीतरी निळीची पुडी सोडल्यान." हिमनद्यांनी दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्याने हा रंग येतो. पाणी बर्फ. दोन मोजे, वर वेडर (पाणी आत न येणारी बुटांसकट विजार) चढवूनही अर्ध्या तासात पायाची बोटं आपली वाटेनाशी होतात.

पहिल्या दिवशी गाईड घेतला नाही. माझा माज, दुसरं काही नाही. यूट्यूबवर पाच व्हिडिओ बघितले होते, बाबांचा साठ वर्षांचा अनुभव गाठीशी, गाईड कशाला? रशियन नदी जिथे केनाईला मिळते तिथे पलीकडच्या काठाला जायला तर, म्हणजे फेरीची होडी, आहे. तारेला बांधलेली, निव्वळ प्रवाहाच्या जोरावर चालते. बाबा मासे विसरून तीच बघत बसले. दोनदा उगाच ये-जा केली.

पलीकडे विसर्जनाच्या दिवशीची चौपाटी. खांद्याला खांदा लावून माणसं पाण्यात उभी. कुणाला मासा लागला की तो "फिश ऑन!" ओरडतो, आजूबाजूचे आपापली दोरी गुंडाळतात, तो मासा घेऊन काठाकडे सरकतो आणि त्याची जागा जाते. याला तिथे 'कॉम्बॅट फिशिंग' म्हणतात. चार तासांत मी सात गळ तळाच्या दगडांना वाहिले आणि आठवा स्वतःच्या जाकिटाला. शेवटी एक सॉकाय (सामन म्हणजे सॅल्मनची एक जात) लागला, ओढून काठावर आणला, बघतो तर गळ पाठीच्या पराशी रुतलेला. शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, सोड. तोंडात लागला नसेल तर ठेवता येत नाही, कायदा आहे. सोडला.

त्या दिवशी बाबांना एकही नाही. ते फार बोलले नाहीत. ही वाईट खूण असते.

दुसऱ्या दिवशीसाठी रात्री फोन करकरून एकाची रद्द झालेली जागा मिळवली. वरच्या केनाईत बराचसा भाग इंजिनाला बंद, त्यामुळे 'ड्रिफ्ट बोट'. दोन्ही टोकं उचललेली होडी, खालून केळ्यासारखी वळलेली. वल्हवणारा तोंड प्रवाहाच्या दिशेला करून बसतो आणि वल्ही उलटी ओढतो, म्हणजे होडी पुढे न्यायची नसतेच, नदी नेते. याचं काम तिला मागे धरून ठेवायचं. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्याका येता."

सकाळी एका खडकाळ उथळावर होडी लावली. मी उत्साहात मांडीभर पाण्यात शिरलो. गाईडने हाक मारली, बाहेर ये. तू उभा आहेस तिथूनच मासे जातात. समुद्रातून चढणारा सॉकाय मधल्या धारेत ताकद घालवत नाही, काठाच्या संथ पाण्यातून रांगेने वर सरकतो. घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि दहा-पंधरा फुटांपलीकडे टाकायचंच नाही. काल आम्ही दोघं माशांच्या रस्त्यात उभे राहून त्यांच्या पलीकडे गरवत होतो.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली आणि बाबा थबकलेच: हा मासा आमिष खातच नाही. समुद्रात तो बारीक प्लवंग (पाण्यात तरंगणारे जीव) गाळून जगतो, आणि गोड्या पाण्यात शिरला की खाणंच बंद. मग गरवायचं कसं? शिसं तळाला टकटक करत जाईल एवढं वजन, त्यापुढे लांब धागा, टोकाला गळ. मासा श्वासासाठी तोंड उघडमीट करत येतो, धागा तोंडातून सरकतो आणि गळ बाहेरच्या बाजूने जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. टाक, वाहू दे, झटका दे, परत टाक. बाबा म्हणाले, "म्हणजे ही गरी न्हय. एका माशाचा जाळा." पण हाताला टकटक ओळखीची होती. पाऊण तासात त्यांचे तीन झाले, म्हणजे त्या दिवसाची मर्यादा संपली. तीन-तीन किलोचे, चांदीसारखे. माझे दोन. तिसरा सुटला, त्यावर बोलू नये.

दुपारी ट्राऊट. आणि इथे गोंधळ झाला.

नदीत अंडी घालणाऱ्या सामनच्या मागे रेनबो ट्राऊट उभे असतात, वाहून आलेली अंडी खायला. म्हणून आमिष काय, तर प्लास्टिकचा मणी. ताजं अंडं नारिंगी आणि पारदर्शक, जुनं फिकट दुधी. त्या दिवशी नदीत जे असेल त्या रंगाचा मणी लावायचा. गाईडकडे डबीत चाळीस छटा होत्या, आईच्या बांगड्यांच्या डब्यासारख्या. मणी गळाच्या वर दोन इंचांच्या आत, म्हणजे मासा मणी तोंडात घेतो आणि गळ ओठाला लागतो, घशात जात नाही. मणी प्रवाहाच्या वेगानेच वाहिला पाहिजे. दोरीने जरा ओढला तरी मासा हुंगतसुद्धा नाही.

बाबांना लागला तो वीत-वीत करत तीन विती भरला. पाठीवर काळे ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. बाबांचे डोळे बघायला हवे होते. गाईडने हात ओले केले, मासा पाण्यातच जाळीत धरला, पकडीने गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून दोन श्वास घेऊ दिले आणि सोडला.

बाबा माझ्याकडे वळले. "सोडूचो होतो तर धरल्यान कित्याक?"

मी भाषांतर केलं. गाईडला प्रश्न नवा नसावा. तो म्हणाला, तुमचे सकाळचे सॉकाय काही आठवड्यांत अंडी घालून मरणारच होते. हा ट्राऊट मरत नाही, पुढची कितीतरी वर्षं अंडी घालणार. म्हणून मोठा ट्राऊट ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर असा. मगे त्या म्हाताऱ्याक तरास तरी कित्याक?" आणि उरलेला वेळ रॉड खाली ठेवून वल्ही बघत बसले. गाईडने दोन वेळा विचारलं. नाही म्हणाले.

खर्च: अर्ध्या दिवसाचे माणशी सव्वादोनशे डॉलरच्या घरात, वर टिप, परवाना वेगळा. माझ्या मते पैसे वसूल. पण बाबांचा प्रश्न तीन आठवडे डोक्यात आहे, म्हणून हा धागा. ज्यांनी अशा ट्रिपा केल्यात त्यांनी लिहा.

पावशेर

मस्त लिहिलंय. "ह्याका येता" हे मालवणी माणसाचं पद्मश्रीइतकं मोठं प्रशस्तिपत्रक आहे, गाईडला कळलं का?

शुद्ध_शाकाहारी

खायचं नसेल तर ओठात लोखंड खुपसून गंमत करायची आणि वर "आम्ही निसर्गप्रेमी". बाबांशी शंभर टक्के सहमत, आणि मी मासे खात नाही.

फुकटचा_सल्ला

गाईड कशाला लागतो? सव्वादोनशेत बाजारातून पाच सॉकाय येतील, पाय कोरडे राहतील.

कांडाळ

@फुकटचा_सल्ला: येतील की. बाबा मात्र बाजारात तिसऱ्या मिनिटाला "हो मासो शिळो" म्हणतात आणि मला तिथून पळावं लागतं.

अँकरेजची_काकू

अकरा वर्षं इथे आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

पहिलं म्हणजे वेळ. वरच्या भागात हंगाम 11 जूनला उघडतो, त्याआधी ट्राऊटच्या विणीसाठी बंद. रशियन नदीवर सॉकायच्या दोन लाटा येतात, एक जूनमध्ये आणि दुसरी जुलैच्या मध्यापासून. 20 ऑगस्टला तिथलं सामन गरवणं संपतं. मोठे ट्राऊट हवे असतील तर सप्टेंबर. कुजत चाललेल्या सामनचं मांस खाऊन ते फुगलेले असतात. तेव्हा गर्दीही नसते. हंगामात आयत्या वेळी नियम बदलतात, कधी मर्यादा तीनावरून सहा होते तर कधी नदीचा तुकडाच बंद. निघायच्या सकाळी मत्स्यखात्याची सूचना बघायची, हे अंगात भिनवा.

दुसरं, किंग सामन. इथे येणारा प्रत्येक पाहुणा त्याचंच विचारतो, कारण जगातला गळाने धरलेला सर्वांत मोठा किंग याच नदीतला: 17 मे 1985, 97 पौंड 4 औंस, म्हणजे 44 किलो. सोल्डॉटनाच्या पर्यटक केंद्रात पेंढा भरून ठेवलाय. पण 2023 पासून एकापाठोपाठ हंगाम केनाईत किंग पूर्ण बंद राहिलाय, मासा परतच येत नाही पुरेसा. युकॉन नदीवर तर अलास्का आणि कॅनडाने 2024 मध्ये सात वर्षांची बंदी घातली, त्या माशाचं एक पूर्ण आयुष्य. तिथल्या गावांचा हिवाळा त्या माशावर निघायचा. जुन्या जाहिरातींत किंगचे फोटो लावून बुकिंग घेणारे अजून आहेत. आमच्या पाहुण्यांना असाच एक भेटला होता, नाव लिहीत नाही. "मासा नक्की" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका एवढंच सांगते.

तिसरं, अस्वलं. रशियन नदीवर सॅक काठावर ठेवून पाण्यात शिरायचं नाही, हाताच्या अंतरावर हवी. मासा साफ केलात तर सांगाड्याचे बारीक तुकडे करून जोराच्या धारेत फेकायचे. काठाला राहिले तर संध्याकाळी पाहुणा येतो.

आणि कांडाळ, बाबांना जुलैत आणा. मुखाशी समुद्रकाठाला 10 ते 31 जुलै आम्हा रहिवाशांना लांब दांड्याच्या गोल जाळ्याने सामन धरता येतात, कुटुंबप्रमुखाला 25 आणि पुढे माणशी 10. बाहेरच्यांना हात लावता येत नाही, पण बघता येतं. छातीभर पाण्यात शेकडो माणसं, पोरं काठावर मासे मोजतायत, कुणी मीठ लावतंय. कुणी काही सोडत नाही. त्यांना बरं वाटेल.

सिंधू_ताई

काकू, दंडवत. फक्त एक भर. ज्या संगमावर हे कॉम्बॅट चालतं तिथे देनाइना या मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या घरांचे आणि मासे साठवायच्या खड्ड्यांचे खळगे अजून जमिनीत दिसतात. नदीला ते काहत्नू म्हणतात. मी पाटीवरची माहिती वाचत उभी होते आणि मागून नवरा ओरडतोय, परवान्याचे तास चाललेत!

अबरडीनकर

इकडे स्कॉटलंडमध्ये चित्र उलटं आहे. गाईडला 'घिली' म्हणतात, आणि नदीचा पट्टा खाजगी मालकीचा असतो, म्हणजे तुम्ही पैसे घिलीचे नाही, पाण्याचे देता. रविवारी सामन गरवायला कायद्याने बंदी. आणि मासा? पाच दिवस उभे राहिलात आणि एक लागला तर पेढे वाटा. गळाला लागलेले नव्वद टक्क्यांहून जास्त सामन इथे सोडले जातात. ब्रिटनमधला अटलांटिक सामन 2023 च्या शेवटी धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत चढला.

तेव्हा @शुद्ध_शाकाहारी, "गंमत" हा शब्द बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या पट्ट्यावर काठाला झाडं लावणारे, गुरांना कुंपण घालणारे, वरच्या ओढ्यातले अडथळे काढणारे हेच गंमत करणारे लोक आहेत. गरवणं बंद केलं तर त्या नदीकडे बघायला कोण येईल मला सांगा.

एक गोष्ट बाबांसाठी. ब्रिटनमधला गळाने धरलेल्या सामनचा विक्रम अजून जॉर्जिना बॅलन्टाईन या बाईच्या नावावर आहे. टे नदी, 7 ऑक्टोबर 1922, 64 पौंड. होडीत बरोबर तिचे वडील होते.

शुद्ध_शाकाहारी

गंमत करायला मिळाली तरच नदी वाचवू, हा युक्तिवाद तुम्हाला स्वतःला पटतो का?

अबरडीनकर

अर्धा.

तीर्थन_पुणे

भारतातल्यांसाठी: सामन नाही, पण ट्राऊट आहेत. इंग्रजांनी काश्मीरसाठी अंडी मागवली, 1899 ची पहिली खेप वाटेत मेली, पुढच्या वर्षीची जगली. हिमाचलात थोडं नंतर. मी तीर्थन खोऱ्यात तीनदा गेलोय. मत्स्यखात्याचा परवाना काढायचा, 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद. होमस्टेवाल्याचा भाचा गाईड म्हणून आला होता. रॉड वगैरे काही नाही, पाण्याकडे बघून सांगायचा, त्या दगडामागे टाक. दगडामागे पाणी थांबतं, मासा तिथे फुकट उभा राहतो आणि खाणं बाजूच्या धारेतून येतं, एवढंच शास्त्र. तीन दिवसांत मला तेवढंच समजलं, आणि तेवढ्यावर अजून मासे मिळतात.

पण हा ब्राऊन ट्राऊट तिथला नव्हे, बाहेरून आणलेला. तो सोडून आपण कुणाचं भलं करतो हा वेगळा धागा होईल.

रायगडचा_रामा

वेगळा धागा नको, इथेच चालू दे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनीचं ठाणं. डोहात महसीर असे फिरतात की कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. देवीचे मासे म्हणून कुणी धरत नाही. ना गळ, ना परवाना, ना गाईड. आमच्या आजीला कुणी संवर्धन शिकवलं नव्हतं.

अँकरेजची_काकू

रामा, तो एक डोह झाला. खालच्या नदीचं काय? आमच्याकडे माझ्या लहानपणी सुरुंगाने मासे मारायचे, देवीच्या डोहाच्या दोन वळणं खाली.

रायगडचा_रामा

मारायचे. खोटं कशाला बोलू.

डॉ_खोकला

अवांतर पण गरजेचं. ताजा आहे म्हणून सामन कच्चा खाऊ नका. समुद्रातून येताना कृमी घेऊन येतो. कच्चाच खायचा हट्ट असेल तर आधी उणे 20 अंशाला सात दिवस गोठवा. घरच्या फ्रीजरचा तो आकडा असतोच असं नाही. बाबांना बहुधा ही सूचना लागू नाही.

कांडाळ

@डॉ_खोकला: बाबांना कच्चा मासा दाखवला तर ते जपानशी संबंध तोडतील.

खाण्यावरून आठवलं, लिहायचं राहिलं. परत आल्यावर काठावरच्या टेबलावर गाईड मासे साफ करायला बसला. सर्रसर्र दोन बाजूचे दोन पट्टे काढले आणि डोकं, काटा, पोटातलं सगळं नदीत टाकायला निघाला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. मी घाबरलो. एका माशात टच्च भरलेली नारिंगी गाबोळी होती! ती आणि पाचही डोकी बाबांनी पिशवीत घेतली. केबिनमध्ये गाबोळी हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर, आणि डोक्यांचं तिरफळं घालून तिखलं. तिरफळं पुण्याहून आलेल्या मावशीने दिलेली, बाबा प्रवासाच्या सामानात बाळगतात, काय करणार. सॉकायला बांगड्याएवढं तेल नाही, जरा जास्त शिजला की भुसा होतो. बाबांनी उकळी आल्यावर तुकड्या सोडल्या आणि झाकण ठेवून गॅस बंद केला. गाईडला डबा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, आत चार मणी होते.

पावशेर

धाग्याचा विषय बदला. 'मणी' ठेवा.

बोईसीकर

गाईड निवडताना एक टीप. फोनवर विचारा, "मासे नाही लागले तर दिवस कसा जाईल?" जो गडबडतो तो सोडा. आमचा म्हणाला, मग मी तुम्हाला दोरी टाकायला शिकवेन. आणि तसंच झालं. स्नेक नदीवर सहा तास, शून्य मासे, पण धारेत पडलेली दोरी वर उचलून मागे टाकायची, म्हणजे मणी किंवा माशी (गळाला बांधलेलं माशीसारखं नकली आमिष) ओढली जात नाही, हे मनगटाला कळलं. पुढच्या वर्षी एकटा गेलो.

फुकटचा_सल्ला

म्हणजे गाईड एकदाच लागतो. मी तेच म्हणत होतो.

बोईसीकर

तुम्ही बाजारातून आणा म्हणत होता.

सिंधू_ताई

कांडाळ, बाबांना विचारलंत का परत, की त्यांचा नक्की राग कशावर होता? तुम्हीच गोंधळात दिसता, ते नाही.

कांडाळ

विचारलं काल फोनवर. ते आता देवबागला आहेत. म्हणाले, राग कसला? जून-जुलै दोन महिने होड्या वर ओढून ठेवतात तेव्हा पोटाला चिमटा काढून माणूस समुद्राला सोडतोच की. नारळी पौर्णिमेआधी माझा आजा पाण्यात जात नव्हता. सोडणं माहीत आहे. पण सोडायचं तर हात लावायचा नाही, आणि हात लावायचा तर खायचं. मधलं त्यांना जमत नाही. गाईड चुकीचा आहे असं ते म्हणत नाहीत. "तेची न्हंय, तेचो कायदो." म्हणजे त्याची नदी, त्याचा कायदा.

मी म्हटलं, मग पुढच्या वेळी फक्त सॉकाय. तर म्हणाले, नाही, ट्राऊटच्या पाण्यावर परत जायचं आहे, रॉडशिवाय. त्यांना ती होडी उलटी वल्हवून बघायची आहे. गाईडला मेल टाकलाय. इंजिनाशिवायच्या भागात पाहुण्याच्या हातात वल्ही द्यायला विम्याची अडचण येईल का, बघतो म्हणाला.

अँकरेजची_काकू

येईल. पण केनाई तळ्यात होडी भाड्याने मिळते, तिथे दिवसभर वल्हवा म्हणावं. मी डबा आणते. तिरफळं संपलीत माझी.

कांडाळ

सांगतो त्यांना. आजच त्यांचा निरोप आलाय, त्या चार मण्यांपैकी दोन कर्लीच्या खाडीत तांबोश्यावर लावून बघितले. तांबोसा कोळंबी खाणारा मासा, तो मण्याला काय भीक घालतोय. पण एका खेकड्याने धरला म्हणे. खाल्ला.